निरामिष आमिष

‘आमिष’ हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात लालूच या अर्थाने वापरतो. परंतु मांस हाही त्याचा एक जुना अर्थ आहे, आणि म्हणूनच मांस वर्ज्य करणाऱ्या घरच्या जेवणास निरामिष म्हणतात. असे असता, ज्यात मांसाचा कणही नाही असे आमिष मनुष्याने बनवावे, त्यावर मासे भुलावेत, आणि ते आमिष आमच्याच नातवाच्या मेजावर आम्हांस आढळावे, हा योग आमच्या वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी यावयाचा होता!

आमचे चिरंजीव गेली कित्येक वर्षे अमेरिकेत कॅन्सस सिटी या शहराजवळ राहतात. गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सौ.ना चौदा वर्षांच्या नातवाच्या खोलीत एक पुडा मिळाला. आत करंगळीएवढ्या, मऊ व लवचिक अशा हिरवट-तपकिरी कांड्या होत्या, आणि पुडा उघडताच बडीशेपेचा घमघमाट सुटला. इकडच्या मुलांच्या खाऊचाच हा एखादा प्रकार असेल असे समजून सौ.नी त्यातली एक कांडी उचलली; ती तोंडात पडणार एवढ्यात नातू धावत आला आणि ओरडला, “आजी, थांब! ती माशांची आहे!”

झाले! मग आमची जीभ सुटली. आपल्या घराण्यात आजवर कोणी गळ हाती धरला नाही. करमणुकीसाठी जीव छळणे ही पाश्चात्त्यांची रीत आहे. तुझ्या पणजोबांनी मुंगीवर पाय पडू नये म्हणून अंगणात खाली पाहून चालावे, आणि तू हे उद्योग करावेस, इत्यादी जे जे सुचले ते ते आम्ही ऐकविले. पोर शांतपणे म्हणाला, “आजोबा, मी मासा खात नाही. धरतो आणि सोडून देतो.” त्यावर आम्ही अधिकच चढलो आणि म्हणालो, “मग खाणारा परवडला! त्याला निदान भूक तरी असते.” त्याने पुडा मिटला, खणात ठेवला आणि तो खोलीबाहेर गेला. पुढचे चार दिवस तो आमच्याशी विचारले तेवढेच बोलला. वादात जिंकूनही मनुष्य किती एकटा पडतो, याचा अनुभव आम्हांस त्या चार दिवसांत आला. अखेर सूनबाई म्हणाल्या, “बाबा, एकदा त्याच्याबरोबर जाऊन तर पाहा. मग काय बोलायचं ते बोला.”

म्हणून एका सकाळी आम्ही त्याच्याबरोबर तळ्यावर गेलो. कॅन्सस प्रांतात नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीतच. ओढ्या-नद्यांना बांध घालून माणसांनी केलेले जलाशय मात्र पुष्कळ आहेत. काठावर रेडबड नावाची झाडे होती. त्यांस अजून पालवी फुटली नव्हती, परंतु काड्याकाड्यांवर जांभळट गुलाबी फुले लगडली होती. सोळा वर्षांखालील मुलास तेथे मासे धरण्याचा परवाना लागत नाही. आम्हांस तो लागला असता. हे एक बरेच झाले. आमचा प्रश्न कायद्यानेच सोडविला होता. आम्ही घडीची खुर्ची मांडून बसलो.

ज्या माशासाठी हा खटाटोप, त्याचे नाव बॅस. पूर्व अमेरिकेच्या गोड्या पाण्यात मूळचा असलेला हा मासा हिरवट असतो आणि त्याच्या कुशीवर एक काळसर पट्टा असतो. त्याचे जे मोठ्या तोंडाचे कूळ आहे, त्याचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो. हा शिकारी मासा भक्ष्याचा चावा घेत नाही. तोंड एकाएकी उघडून पाण्यासकट ते आत ओढतो, आणि जिन्नस खोटा वाटल्यास क्षणात बाहेर टाकतो. जेथे पुष्कळ लोक गळ टाकतात तेथील मासे तर फारच शहाणे होतात. मोठी, चमचमणारी, खळबळ करणारी आमिषे पाहिली की ते दूर सरतात. त्यांच्यासाठी जी हलक्या हाताची विद्या निघाली, तिला इंग्रजीत ‘फिनेस’ म्हणतात. आपण नजाकत म्हणू.

मऊ प्लास्टिकचा किडा १९४९ साली ओहायो प्रांतातील ॲक्रन गावी निक क्रीम या गृहस्थाने प्रथम यशस्वीपणे बनविला. पुढे कॅलिफोर्नियातील खोल व नितळ पाण्याच्या जलाशयांवर बारीक दोरी आणि लहान आमिष वापरण्याची रीत वाढली. वजन खाली व गळ त्याच्या वर अशी एक जपानी युक्ती १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत आली. आमचा नातू ज्या पंथाचा, तो मात्र कॅन्सस सिटीच्या परिसरातच जन्मला. तेथील चक वूड्स हे त्याचे आद्य पुरुष. आणि नेड केडी नावाच्या लेखकाने त्याचा इतका प्रसार केला की ती जुळणी आता ‘नेड’ याच नावाने ओळखली जाते. आमच्या नातवाने ही वंशावळ आम्हांस गोत्र-प्रवर सांगावे तशी धडाधड सांगितली. आपल्या खऱ्या गोत्राचे नाव मात्र त्यास दोनदा विचारावे लागते, ही गोष्ट निराळी!

जुळणी पाहावी तर अगदीच साधी. अळंब्याच्या आकाराचे धातूचे इवलेसे डोके, त्यास एक लहान गळ, आणि गळात ओवलेली ती पावणेतीन इंचांची कांडी. डोक्याचे वजन औंसाचा सोळावा हिस्सा, म्हणजे पावणेदोन ग्रॅम. सोनाराच्या जुन्या मापाने दोन मासेही भरत नाहीत. आणि तेवढ्यावर दोन-दोन, तीन-तीन पौंडांचे मासे धरावयाचे! नातवाने काठी हलकेच झोकली. कांडी दूर पाण्यात पडली, आणि दोरीचे वेटोळे संथपणे उलगडत गेले. आम्ही वाट पाहिली. मिनिटभराने न राहवून आम्ही विचारले, “आता काय करायचे?”

“काही नाही, आजोबा,” तो म्हणाला. “हेच तर करायचं असतं.”

मग त्याने समजावून दिले, ते असे. ही कांडी पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे डोके तळाशी टेकले तरी शेपूट वर उभी राहते आणि पाण्याच्या हालचालीनेच डुलते. धरणाऱ्याने तिला नाचवू गेल्यास ती खोटी दिसते. दोरी ताणून धरली तर माशास ओढ जाणवते. फारच सैल सोडली तर मासा लागल्याचे आपणांस कळत नाही. ताण असावा, पण माशास तो कळू नये. गळ हाताने जाणण्यापेक्षा दोरीकडे डोळा ठेवावा. ती किंचित बाजूस सरली की समजावे. आम्ही दोरीकडे डोळे फाडून पाहत होतो, तरी ती सरलेली आम्हांस दिसली नाही. त्यास मात्र दिसली. त्याने मनगट नुसते उचलले आणि काठी वाकली.

मासा वर आला तेव्हा त्याने आधी आपला हात पाण्यात बुडविला. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्यास रोग जडतो. गळ ओठाच्या कडेलाच होता. चिमट्याने तो काढून, माशाचा खालचा जबडा धरून त्याने त्यास पाण्यात सोडले. या सर्वास अर्धे मिनिटही लागले नसेल. फाटलेली कांडी त्याने पाण्यात टाकली नाही. एका डबीत ठेवली. माशाने असा तुकडा गिळला तर तो पोटात फुगून बसतो, असे तो म्हणाला. आमच्या घरी दूध सांडले तरी ज्याच्याकडून पुसले जात नाही, त्याच पोराचा हा नेम पाहून आम्ही चकित झालो.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. करमणुकीसाठी मासे धरणे ही पाश्चात्त्यांची रीत, असे आम्ही त्यास ठणकावून सांगितले होते. आणि अंथरुणावर पडल्यावर आम्हांस मानसोल्लासाची आठवण झाली. ११२९ च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजाने रचलेल्या या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांस घालावयाचे खाद्य, काठी व दोरी यांचे वर्णन आहे. ज्या राजघराण्याची सत्ता आपल्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होती, त्यातल्याच राजाचा हा विनोद! सकाळी आम्ही नातवापाशी आमची चूक कबूल केली. तो एवढेच म्हणाला, “त्या राजाकडे रीळ होतं का?” आणि आमचे बोलणे पुन्हा सुरू झाले.

तथापि मूळ प्रश्न सुटला नव्हता, आणि तो सुटला असे भासविण्याची आमची इच्छा नाही. मासा सोडून देण्याची चाल अमेरिकेतील बॅसच्या स्पर्धांत १९७२ पासून रे स्कॉट यांनी रुजविली, आणि तिने पुष्कळ मासे वाचले हे खरे. परंतु वाचविण्याचे पुण्य घ्यावयाचे तर आधी ओठात काटा रुतविण्याचे पाप कोणाच्या खाती मांडावयाचे? आम्ही हे त्यास विचारले. या वेळी उपदेश म्हणून नव्हे, तर खरोखरच विचारले. तो बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “मला माहीत नाही, आजोबा.” आम्हांस या उत्तराचा राग आला नाही. आम्हांसही ते माहीत नव्हते.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. पाणी कोमट होऊ लागले होते. काठाजवळ दोन-तीन फूट खोलीवर परातीएवढी एक स्वच्छ, वाटोळी जागा दिसत होती, आणि तिच्यावर एक काळी सावली स्थिर होती. नातवाने कांडी हलकेच त्या बाजूस सोडली. सावली झेपावली. मासा चार पौंडांचा तरी असावा. त्याने आजवर धरलेल्यांत सर्वांत मोठा. आनंदाने तो थरथरत होता. “आजोबा, फोटो काढा!” तो म्हणाला, आणि आपला फोन त्याने आमच्या हाती दिला. आमची बोटे त्या काचेवर भलतीकडेच पडू लागली. एकदा आमचाच चेहरा दिसला, एकदा पडदाच काळा झाला. दोन-तीन मिनिटे अशी गेली असतील. मधून मधून तो माशास पाण्यात बुडवून पुन्हा वर काढीत होता. एवढ्यात त्याची दृष्टी खाली गेली आणि तो एकदम स्तब्ध झाला.

त्या वाटोळ्या जागेवर ब्लूगिल नावाचे तळहाताएवढे मासे जमले होते. दहा-बारा तरी असतील. तळाशी तोंडे खुपसून ते भराभर काही टिपीत होते. तेव्हा उलगडा झाला. बॅसची मादी अंडी घालून निघून जाते. शेपटीने जागा झाडून घरटे करतो तो नर, अंड्यांना परांनी वारा घालतो तो नर, आणि पिले निघून थोडी मोठी होईपर्यंत, स्वतः जवळजवळ उपाशी राहून, पहाऱ्यावर उभा राहतो तोही नरच. त्या कांडीवर तो भुकेने झेपावला नव्हता. आपल्या घरावर कोणी चालून आले असे समजून झेपावला होता. आमिषास भुललेला तो नव्हेच!

नातवाने मासा तत्काळ सोडला. तो खोल पाण्याकडे गेला. आम्ही दोघे काठावर उभे राहिलो. सुमारे दहा मिनिटांनी ती काळी सावली परतली आणि ब्लूगिल उधळले. परंतु तोवर तळाशी काय उरले होते, हे वरून कळण्यासारखे नव्हते. फोटो निघालाच नव्हता. नातवाने दोरी गुंडाळली आणि तो म्हणाला, “घरी जाऊया.”

वाटेत आमच्या जिभेवर एक संपूर्ण प्रवचन तयार होते. त्याहून उत्तम संधी आम्हांस पुन्हा मिळाली नसती. परंतु त्याच्या मुद्रेकडे पाहिले, आणि तळाशी उभी राहून आपोआप डुलणारी ती कांडी आम्हांस आठवली. आम्ही काही बोललो नाही. खरे सांगावयाचे तर ते मौन आम्हांस फार जड गेले; कारण आमचे चिरंजीव त्या वयाचे असताना आम्ही दोरी नेहमी ताणूनच धरली होती. ते इतके दूर गेले ते केवळ नोकरीसाठी, असे आम्ही लोकांस सांगतो.

दोन दिवसांनी रात्री जेवताना नातवानेच विषय काढला. त्याने कोठून तरी वाचून काढले होते. इलिनॉय प्रांतातील रिज लेक येथे बॅसवर वीस वर्षांहून अधिक काळ प्रयोग झाला. गळास चटकन लागणे हा गुण पुढच्या पिढीत उतरतो, असे त्यावरून २००९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१२ साली असेही दिसून आले की, जे नर गळास अधिक लागतात तेच पिलांची राखण अधिक जिवापाड करतात. “म्हणजे आपण सगळ्यात चांगले बाबा धरतो,” तो म्हणाला, आणि ताटाकडे पाहू लागला. आमचे चिरंजीवही काही बोलले नाहीत. परंतु त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांताच्या बऱ्याच भागात या दिवसांत बॅस धरण्यास बंदी असते. आम्ही जात होतो त्या तळ्यावर तशी बंदी नव्हती. नातवाने ती स्वतःपुरती घातली. खोलीतल्या दिनदर्शिकेवर जूनच्या मध्यापर्यंत त्याने तांबडी रेघ ओढली आणि काठी कपाटात ठेवली. आम्ही सांगून त्याने ती कधी ठेवली असती, असे आम्हांस वाटत नाही.

जूनअखेर आम्ही पुण्यास परतलो. गळ टाकणे योग्य आहे, असे आमचे मत झालेले नाही; ओठात काटा तो काटाच. नातू जुलैपासून पुन्हा तळ्यावर जाऊ लागला आहे आणि दर रविवारी दूरध्वनीवर आम्हांस सर्व हकीकत सांगतो; आम्ही ऐकतो, आणि मधे मधे फार बोलत नाही. सामान उलगडताना आमच्या पेटीत, धोतराच्या घडीत, त्याने गुपचूप ठेवलेली एक कांडी सापडली. गळ अर्थातच काढलेला. सौ.नी ती देवघराच्या भिंतीला लागून नको म्हणून ओसरीवरच्या कपाटात ठेवली आहे. कपाट उघडले की अजून बडीशेपेचा वास येतो.