अक्षरओळख आणि भ्रमणध्वनी

पोस्टकार्डाच्या काळात परगावी असलेल्या मुलाकडून महिन्याकाठी एखादे पत्र येई आणि ते घरातील सर्वजण पुन्हा पुन्हा वाचत. आज कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर सकाळपासून रात्रीपर्यंत मजकुराची ये-जा चालू असते. लिहिणारे हात वाढले, अंतर उरले नाही, खर्चही नाममात्र झाला. या सोयीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र या मजकुराकडे बारकाईने पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. नव्या पिढीचे बरेचसे लेखन मराठी असूनही देवनागरीत नसते, ते रोमन अक्षरांत असते.

वरवर पाहता यात काही बिघडत नाही, कारण निरोप पोहोचतो. परंतु 'मला', 'माला', 'माळा' आणि 'मळा' हे चारही शब्द रोमन लिपीत घाईने लिहिले तर 'एम-ए-एल-ए' या एकाच रूपात उमटतात. 'ल' आणि 'ळ', 'न' आणि 'ण', ऱ्हस्व आणि दीर्घ हे सारे भेद तेथे पुसले जातात. मराठी ज्याच्या कानात मुरलेली आहे तो संदर्भाने अर्थ लावतो. पुणे-सांगलीपासून दूर, परदेशात वाढणाऱ्या नातवंडाला मात्र तो आधार नसतो. जो भेद त्याने अक्षरात कधी पाहिलाच नाही, तो त्याच्या जिभेवर येणेही अवघड होते.

एके काळी या सवयीला सबळ कारण होते. संगणकावर मराठी उमटवणे हेच मोठे काम होते. एका संगणकावर सुबक दिसणारा मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे, कारण प्रत्येक फॉन्टची अंतर्गत रचना निराळी असे. 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीला स्थान मिळाले. पुढे संगणक आणि भ्रमणध्वनी यांनी ही व्यवस्था स्वीकारली, तेव्हा ही अडचण दूर झाली. आता देवनागरी कळफलक प्रत्येक भ्रमणध्वनीवर घेता येतो, पडद्यावर बोटाने अक्षर गिरवता येते आणि केवळ बोलूनही मजकूर उमटवता येतो. अडचण सरली, सवय तेवढी उरली.

यंत्राने दिलेले दान मोठे आहे. ज्या आजीचे शिक्षण चौथीत थांबले, तिचा आवाज ध्वनिसंदेशाने क्षणात सातासमुद्रापार जातो. मोल्सवर्थचा मराठी शब्दकोश एके काळी मोठ्या ग्रंथालयातच पाहायला मिळे, तो आता घरबसल्या चाळता येतो. मराठी विश्वकोशही तसाच उपलब्ध आहे. शिकू इच्छिणाऱ्याला साधनांची वाण नाही.

तथापि यंत्र शब्द सुचवते, विवेक सुचवत नाही. 'आचार्यांना निमंत्रण पाठवले' असे लिहिताना यंत्राने 'आचाऱ्यांना' हा पर्याय पुढे केला आणि घाईत तोच स्वीकारला गेला, तर पूज्य आचार्यांऐवजी निमंत्रण स्वयंपाक करणाऱ्यांना जाते. एका रफाराचा हा फरक आहे आणि तो डोळ्यांना ठाऊक असावा लागतो. अनुवादाचेही तसेच आहे. गूगलच्या अनुवादसेवेत मराठीचा समावेश 2013 साली झाला आणि तिचा उपयोग निःसंशय आहे. परंतु इंग्रजीतील 'यू' म्हणजे 'तू', 'तुम्ही' की 'आपण', हे नाते जाणणाऱ्यालाच कळते. आजोबांना 'तू कधी आलास' असा प्रश्न गेला तर दोष नातवाच्या मनाचा नसतो, तरी खटकायचे ते खटकतेच. काका, मामा आणि आतोबा या तिघांना एकाच 'अंकल'मध्ये बसवणारी भाषा मधे आली की नात्यांचे बारकावेही हळूहळू विरतात.

लिपी सुटल्याने काय होते याचा अनुभव महाराष्ट्राने एकदा घेतला आहे. पिढ्यान्पिढ्या मराठीचा व्यवहार मोडी लिपीत चाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती प्रचारातून गेली. अनेक व्यापारी घराण्यांच्या जुन्या पेटाऱ्यांत मोडीतले रोजमेळ, खतावण्या आणि पत्रे आजही आहेत. त्यांची भाषा मराठीच आहे, तरीही पणतूला त्यातील एक ओळ वाचता येत नाही आणि पणजोबांनी काय लिहून ठेवले हे जाणून घेण्यासाठी जाणकार शोधावा लागतो. ठेवीवर वारसाचे नाव लावलेले आहे, पण पावती वारसाला वाचता येत नाही, अशी ही अवस्था आहे. देवनागरीच्या बाबतीत तसे घडले तर आजीच्या पाककृतींची वही, आईची पत्रे आणि घरातला सारा ग्रंथसंग्रह त्याच पेटाऱ्यात जाऊन पडेल.

उपाय खर्चिक नाही आणि त्यासाठी नातवंडांना रागावण्याचीही गरज नाही. रोमन अक्षरांत आलेल्या संदेशाला वडीलधाऱ्यांनी देवनागरीत उत्तर द्यावे. ते छोटे असावे, दोन-तीन शब्दांचे चालेल. आधी ध्वनिसंदेश पाठवून त्याखाली तेच वाक्य लिहावे, म्हणजे ऐकलेला शब्द डोळ्यांसमोर येतो. ज्यांना कळफलक जमत नाही त्यांनी कागदावर स्वहस्ते चार ओळी लिहून त्यांचे छायाचित्र पाठवावे. आजीचे वळणदार अक्षर नातवंड जपून ठेवील आणि ते लावण्याच्या निमित्ताने मुळाक्षरेही शिकेल. भ्रमणध्वनी यातील प्रत्येक काम करण्यास सिद्ध आहे. फक्त पहिले अक्षर घरातील मोठ्यांनी लिहायचे आहे.