रात्रीच्या छायाचित्रातला अंधार

पॅरिसच्या बुलवार सँ-झाकवर १९३० ते १९३२ या काळात कधीतरी काढलेले ब्रासाईचे एक आत्मचित्र प्रसिद्ध आहे. डोक्यावर हॅट, अंगात जाड ओव्हरकोट, समोर ट्रायपॉडवर कॅमेरा आणि तोंडात सिगारेट. या चित्रातील सर्वांत महत्त्वाचे उपकरण कोणते, असे विचारले तर बहुतेक जण कॅमेऱ्याकडे बोट दाखवतील. वस्तुतः तो मान सिगारेटचा आहे. रात्री शटर किती वेळ उघडे ठेवायचे, हे ब्रासाई सिगारेटवरून ठरवीत असे. उजेड बऱ्यापैकी असेल तर एक गोलवाझ ओढून संपेपर्यंत. अंधार दाट असेल तर तिच्याहून जाड आणि सावकाश जळणारी ब्वायार. हे त्याने पुढे काहीशा गमतीने सांगितले असले तरी त्यात एका कलाव्यवहाराचे सारे गांभीर्य आहे. किती काळ थांबायचे याचा निर्णय येथे यंत्राकडे नाही, कोष्टकाकडेही नाही. तो रस्त्यावर उभ्या असलेल्या, थंडीत धूर सोडणाऱ्या माणसाकडे आहे.

ब्रासाईचे मूळ नाव ज्यूला हालास. १८९९ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातील ब्राशो या गावी त्याचा जन्म झाला आणि त्या गावाच्या नावावरूनच त्याने आपले टोपणनाव घेतले. १९२४ मध्ये तो पॅरिसला आला तेव्हा पत्रकारी करीत होता. छायाचित्रणाविषयी त्याला फारसा आदर नव्हता. रात्र रात्र पायी भटकताना जे दिसे ते शब्दांत आणि रेखाटनांत धरता येईना, तेव्हा तो कॅमेऱ्याकडे वळला. या वळणावर आंद्रे केर्तेशची मैत्री त्याला उपयोगी पडली. १९३२ च्या अखेरीस पॉल मोराँच्या प्रास्ताविकासह ‘पारी द न्यूई’ हे साठेक छायाचित्रांचे पुस्तक निघाले आणि रात्रीचे शहर हा छायाचित्रणाचा एक स्वतंत्र विषय म्हणून मान्य झाला. त्यापूर्वी असे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. पॉल मार्टिनने लंडनमध्ये आणि स्टिग्लिट्झने न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रात्री कॅमेरे लावले होते. परंतु त्या प्रयत्नांत ‘हेही जमते’ हा आनंद अधिक होता.

अशा छायाचित्राचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करायचे, हा खरा प्रश्न आहे. सर्वसाधारणपणे स्वीकारला जाणारा निकष असा की, अंधार असूनही जितके अधिक दिसेल तितके चित्र चांगले. स्पर्धांचे परीक्षक, कॅमेऱ्यांचे विक्रेते आणि नवखे छायाचित्रकार या तिघांचेही याबाबत सहसा एकमत असते, आणि हे एकमतच संशयास्पद मानायला हवे. मराठीत या कलेला दोन नावे आहेत. ‘प्रकाशचित्र’ हा शब्द काही जाणकार आग्रहाने वापरतात, कारण मूळ ग्रीक शब्दाशी तो प्रामाणिक आहे. रूढ झाला तो मात्र ‘छायाचित्र’. अचूक संज्ञा मागे पडून सैल संज्ञा रूढ व्हावी, हे आपल्या परिभाषेत नवीन नाही. पण येथे सैल वाटणारी संज्ञाच अधिक शहाणी ठरली आहे. दिवसाच्या चित्राला कोणतेही नाव चालेल. रात्रीचे चित्र मात्र छायेचे चित्र असते. प्रकाश त्या छायेची सीमा आखण्यापुरता येतो.

‘डोळ्यांना दिसले तसे चित्रात आले का’ हा दुसरा निकष वरवर अधिक प्रामाणिक वाटतो. तोही टिकत नाही. डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे घेतो. पण एकदा सरावला की तो प्रकाश साठवीत बसत नाही. काचेची प्लेट किंवा फिल्म मात्र साठवते: पहिल्या मिनिटाचा उजेड दुसऱ्यात मिळवते, दुसऱ्याचा तिसऱ्यात. म्हणजे दीर्घ एक्स्पोजरचे चित्र कोणत्याही एका क्षणी कोणालाही दिसलेले नसते. त्यातून जाणारा माणूस पुसला जातो, जाणाऱ्या गाडीच्या दिव्याची रेघ उरते. शिवाय ही साठवणही सरळ हिशेबाची नाही. कार्ल श्वार्त्सशिल्ट या खगोलशास्त्रज्ञाच्या ताऱ्यांची छायाचित्रे काढताना लक्षात आले की, प्रकाश अतिशय मंद असला की वेळ दुप्पट करूनही परिणाम दुप्पट होत नाही. फिल्मवर काम करणारे म्हणूनच रात्री हिशेबाने येणाऱ्या वेळेवर थांबत नाहीत. दुप्पट, चौपट वेळ देऊन एकाच दृश्याची दोन-तीन चित्रे घेतात आणि नंतर डेव्हलपिंग थोडे आवरते घेतात, जेणेकरून दिव्यांच्या जागा जळून जाऊ नयेत. प्रकाशमापकाचाही येथे भरवसा नसतो. समोर जे असेल ते मध्यम करडे आहे, असे धरून चालणे हा त्याचा धर्म. काळोखी गल्ली दाखवली तर तो तिला करडी करू पाहतो. चौकटीत दिवा आला की बिचकतो आणि उरलेली गल्ली बुडवतो. दोन्ही वेळा तो खोटे बोलत नाही, फक्त त्याला रात्र ही कल्पनाच नाही.

मग निकष कोणता? येथे आनंदवर्धनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. वाच्य आणि व्यंग्य यांचा संबंध सांगताना ‘ध्वन्यालोका’त घट आणि प्रदीप यांचा न्याय येतो: दिव्यामुळे घट दिसू लागला म्हणून दिव्याचा प्रकाश नाहीसा होत नाही, दोहोंची प्रतीती एकत्रच होते. काव्यशास्त्राचा दृष्टांत कॅमेऱ्याला जोडण्यात ओढाताण होण्याचा धोका आहे, हे मान्य. तरीही रात्रीच्या छायाचित्राची नेमकी अडचण या दृष्टांतात सापडते. दिवसाच्या चित्रात सूर्य बहुधा चौकटीबाहेर असतो. प्रकाश हे गृहीत असते, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. रात्रीच्या चित्रात दिवा चौकटीतच असतो, किंवा तो कोठे आहे हे चौकटीतून उमगते. त्याला उजळायचेही असते आणि दिसायचेही असते. दिवा फार झाला तर पांढरा डाग उरतो आणि घट हरवतो. उलट छाया उपसून काढून घट पूर्ण दाखवला, तर तो या दिव्याने उजळला आहे हे पटेनासे होते. दोहोंमधील नाते जेथे खरे वाटते ते चित्र साधले. ‘किती दिसते’ याऐवजी ‘जे दिसते ते कशामुळे दिसते’ हे विचारावे लागते.

ब्रासाईचे सारे तंत्र या नात्याभोवती फिरते. काचेच्या प्लेटवर उघडा दिवा आला की प्रकाश काचेच्या मागच्या पृष्ठावरून उलटून दिव्याभोवती पांढरे वलय उमटते. म्हणून तो दिवा झाडाच्या बुंध्यामागे किंवा भिंतीच्या कोपऱ्याआड राहील असा उभा राही. दिवा लपे, त्याचे कार्य दिसे. धुके आणि पाऊस यांची त्याला अडचण नव्हती, उलट ओढ होती. ओली फरसबंदी प्रकाश परतवते, धुके तो पसरवते आणि टोकाचे काळे-पांढरे मवाळ होते. आधी पाऊस पडावा आणि मग कॅमेरा बाहेर काढावा, हा रात्रीच्या चित्राविषयीचा कदाचित सर्वांत उपयुक्त सल्ला आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. मार्शल नेच्या पुतळ्याचे १९३२ मधील चित्र पाहावे. तलवार उगारलेला पुतळा पूर्ण काळा आहे. चेहरा नाही, पदके नाहीत. मागे धुके उजळले आहे आणि त्यात एका हॉटेलच्या पाटीची अक्षरे तरंगताहेत. या पुतळ्याचा चेहरा उजळून ‘सुधारणा’ करणे कोणत्याही डार्करूममध्ये अशक्य नव्हते. पण मग तेथे एक सेनानी आणि एक पाटी एवढेच उरले असते. वीरत्व आणि भाड्याची खोली यांच्यामधला तो थंड विनोद नाहीसा झाला असता.

ही मांडणी येथवर नीट चालते. बिल ब्रँटपाशी ती अडखळते, आणि अडखळू द्यायला हवी. ‘पारी द न्यूई’ काढणाऱ्या पॅरिसमधील प्रकाशनाचाही सहभाग असलेले ‘अ नाइट इन लंडन’ हे ब्रँटचे पुस्तक १९३८ मध्ये निघाले. त्यातील कित्येक पात्रे त्याचे नातलग आणि मित्र आहेत. आणि काही रात्री तर दिवसाच आहेत, प्रिंट गडद छापून काळोख केलेल्या. पुढे १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले, लंडनचे दिवे विझवले गेले, आणि याच ब्रँटने ब्लॅकआउटमधील रस्त्यांची चित्रे निव्वळ चंद्रप्रकाशात, प्रदीर्घ एक्स्पोजर देऊन काढली. चंद्रप्रकाश म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच; पूर्णचंद्राचा उजेड सूर्याच्या उजेडाहून सुमारे ४,००,००० पटींनी कमी, पण जातीने तोच. पुरेसा वेळ दिला की अशा चित्रात दिवसासारख्या सावल्या पडतात. म्हणजे एकाच कलावंताच्या कामात दिवसाची रात्र झाली आहे आणि रात्रीचा जवळजवळ दिवस. ‘उपलब्ध प्रकाश’ ही नैतिक अट मानणाऱ्याने पहिली चित्रे फेटाळून दुसरी स्वीकारावीत. चित्रे मात्र ऐकत नाहीत. १९३८ च्या काही बनावट रात्री आजही दडपण आणतात.

ब्रासाईलाही या अटीवर निर्दोष ठरवता येत नाही. बार, नाचघरे, वेश्यागृहे यांच्या आतली त्याची चित्रे, ज्यांतली बरीच १९७६ च्या पुस्तकापर्यंत छापता आली नव्हती, मॅग्नेशियमच्या भडक्याने काढलेली आहेत; त्या स्फोटांवरून पिकासोने त्याला दहशतवादी हे नाव ठेवले होते. त्या चित्रांत आरसे आहेत, माणसांचे बेफिकीर चेहरे आहेत, समाज आहे. रात्र मात्र नाही. सगळ्या वस्तू सारख्याच दचकलेल्या दिसतात. ती चित्रे कमी प्रतीची नव्हेत. ती वेगळ्या प्रकारची आहेत, आणि त्यांना रस्त्यावरच्या चित्रांच्या मापाने मोजणे हा प्रकारभेदाचा गोंधळ होईल. ब्रँटबाबत मात्र घट-प्रदीपाचा न्याय कठोरपणे लावता येतो. ज्या गडद छापलेल्या चित्रात खिडकीतला उजेड आणि भिंतीवरची सावली यांचे नाते जुळते, ते टिकते. जेथे दिवा एकीकडे आणि सावली आकाशाकडून आलेली, तेथे डोळ्याला कारण कळण्यापूर्वीच फसवणूक कळते. साधने प्रामाणिक होती की नाही, हे चित्राबाहेर चरित्रात शोधावे लागते. हे नाते चित्रातच तपासता येते.

रंगीत चित्रात एक वेगळाच पेच येतो. सोडियमच्या दिव्याखाली बहुतेक रंग मुळात पोहोचतच नाहीत. नंतर तो पिवळेपणा कितीही काढून टाकला तरी निळी साडी निळी होत नाही, मेलेली होते. पिवळेपणा हा तेथे दोष नसून स्थळ असते. मुंबईत २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले तेव्हा नागरिकांनी केलेल्या तक्रारींत स्मरणरंजन होते हे खरे; पण रात्रीचा एक रंग असतो, हे ज्ञानही होते. पिवळसर छटा पुढे परत आणावी लागली.

आता बहुतेकांचे रात्रीचे चित्र मोबाइल काढतो. तो अनेक लहान लहान चित्रे घेतो, ती जुळवतो, मिसळतो, गोंगाट गाळतो आणि छाया वर उचलतो. हात हलला तरी चालते. त्याचा तिरस्कार करणे हा समीक्षेचा मार्ग नव्हे, कारण मूळ प्रश्न तेथेही उभा राहिलाच. २०१८ मध्ये गूगलने अशी सोय आणली तेव्हा तिच्या अभियंत्यांनाच कबूल करावे लागले की, रात्र दिवसासारखी दिसू लागणे हा दोष आहे. आणि त्यावर उपाय शोधताना त्यांनी दाखला दिला तो अठराव्या शतकातील जोसेफ राइट ऑफ डर्बी या चित्रकाराचा. त्याने दिव्याच्या उजेडात जमलेली माणसे रंगवली आणि भोवतीचा काळोख काळाच ठेवला. म्हणजे छाया किती काळी ठेवायची, हे आता आधीच कोणीतरी सर्वांसाठी ठरवलेले असते. तो निर्णय पुष्कळदा समंजस असतो. मात्र तो या गल्लीचा, या पावसाचा नसतो. ज्याला सुधारायचे आहे त्याने निदान तो परत आपल्या हाती घ्यावा: मोबाइल टेकवून ठेवून एक्स्पोजर स्वतः कमी करावे, तेच दृश्य तीन वेगवेगळ्या गडदपणांत पाहावे, आणि सर्वांत उजळ चित्र लगेच निवडू नये, ते दुसऱ्या दिवशी, शक्य तर कागदावर पाहावे. उजळलेल्या पडद्यावर कोणतीही रात्र थोडी अधिक प्रकाशमान दिसते.

‘पारी द न्यूई’ ग्रॅव्ह्यूर पद्धतीने छापले होते, कडेला समास न सोडता. त्यातील काळा रंग शाईचा दाट, मखमली काळा आहे. पुस्तक उघडताच आतल्या कव्हरवर फरसबंदीचे दगड लागतात. माणूस नाही, पाटी नाही, दिवाही नाही. दगडांच्या माथ्यांवर ओळीने उजेड आहे आणि सांध्यांत काळोख. दिवा कोणत्या बाजूला असावा, ते प्रत्येक दगडावरून कळते.