तुलना करा (गुण ५)

परवा नातीबरोबर मुंबईला गेले होते. नेरळहून लोकल पकडली, नशिबाने खिडकी मिळाली. सीएसएमटीला उतरताना माझ्या तोंडून सवयीने "आलं व्हीटी" असं निघून गेलं. नात हसली. "आजी, व्ही म्हणजे व्हिक्टोरिया ना? तिने असं काय केलं होतं, की एवढं मोठं स्टेशन तिच्या नावाने बांधलं?"

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय मी. उत्तर तयारच होतं! कारकीर्द १८३७ ते १९०१, १८५८ चा जाहीरनामा, रेल्वे, तारायंत्र, विद्यापीठं... फलाटावर उभ्या उभ्या घडाघडा म्हणून दाखवलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "हे सगळं तिने केलं?"

मी गप्प.

दिवसभर आम्ही फोर्टात फिरलो आणि परतीच्या गाडीत माझी मी एक प्रश्नपत्रिका काढली. मुंबईवर छाप असलेल्या युरोपीय राजांच्या वारशाची तुलना करा, गुण ५. पोरांना हजारदा घातलेला प्रश्न, आता मीच सोडवायचा.

पहिला चार्ल्स दुसरा. १६६१ च्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई त्याला आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मुंबई त्याने डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही. इतकं कमी करून इतकं मोठं शहर मागे ठेवणारा राजा विरळाच!

दुसरा सातवा एडवर्ड. तो युवराज असतानाचा त्याचा घोड्यावरचा पुतळा सॅसून शेटजींनी करवला, १८७९ साली तो उभा राहिला. लोकांनी नाव ठेवलं ते घोड्याचं! पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला आणि भायखळ्याला राणीच्या बागेकडे नेला, तरी तो भाग काळा घोडाच राहिला. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर स्वार नाही. याच एडवर्डच्या नावाचं केईएम. आमच्याकडे पेशंट हाताबाहेर गेला की "केईएमला न्या" म्हणतात. के म्हणजे किंग आणि ई म्हणजे एडवर्ड, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. हॉस्पिटल सुरू झालं १९२६ साली, एडवर्ड गेला १९१० मध्ये. शेजारचं मेडिकल कॉलेज उभं राहिलं ते शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीतून, आणि अट अशी की शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. म्हणजे नाव राजाचं, पैसा आणि हट्ट आपला.

तिसरा पाचवा जॉर्ज. तो १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरला, त्याची आठवण म्हणून गेटवे. पाया १९१३ चा, काम पुरं झालं १९२४ मध्ये. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बाहेर पडली. येण्याच्या कौतुकासाठी बांधलं आणि जाण्याच्या कामी आलं!

तसा बेल्जियमचा दुसरा लिओपोल्ड. ब्रुसेल्समध्ये उभं राहून पाहिलं तर त्याच्या कमानी आणि बागा दिसतात. काँगोत उभं राहिलं तर रबरासाठी तोडलेले हात दिसतात. अँटवर्पमधला त्याचा पुतळा २०२० मध्ये हटवला. थोडक्यात काय, वारसा कुठे उभं राहून बघता यावर आहे.

मग व्हिक्टोरियाला पोशीरमध्ये उभं राहून बघायला नको का? आपल्या भागात रेल्वे १८५६ मध्ये आली. पुढे बोरघाट फोडायला १८६३ उजाडलं. कॉलऱ्याने, दरडींनी, सुरुंगांनी हजारो मजूर मेले. १८७७ च्या पहिल्या दिवशी दिल्लीत दरबार भरवून राणीला सम्राज्ञी जाहीर केलं, तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती. पुढच्याच वर्षी व्हीटीचं काम सुरू झालं. त्या इमारतीवर कंपनीच्या बड्या मंडळींचे चेहरे कोरलेले आहेत. घाटातल्या मजुरांपैकी तिथे कुणीही नाही.

याच रेल्वेने मी बी.ए.ला गेले, हेही खरं. नाहीतर पोशीरच्या मुलीला कॉलेज कुठलं? ते ऋण आहेच. पण ते राणीचं की त्या मजुरांचं?

हे मला आत्ता सुचलं असं म्हणायलाही तोंड नाही. १९८५ च्या सुमारास नववीच्या वर्गात एक मुलगा उभा राहिला होता. त्याचे पूर्वज घाटावरून या कामाला आले आणि इथेच राहिले, असं त्याच्या घरी सांगत. त्याने विचारलं, "बाई, घाटात मेलेल्या माणसांची नावं कुठं लिहून ठेवलीत?" मी म्हटलं, "ते परीक्षेला येत नाही. खाली बस." तो बसला. पुन्हा कधी काही विचारलं नाही त्याने.

गेल्या पावसाळ्यात तो नेरळ स्टेशनवर भेटला. रेल्वेत आहे, पावसात घाटातल्या दरडींवर लक्ष ठेवण्याची त्याची ड्यूटी असते. भर गर्दीत वाकून पाया पडला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, "बाई, व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१. अजून पाठ आहे!"

मी "शाब्बास" म्हटलं खरं, पण घरी येईपर्यंत घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. तीस वर्षांच्या नोकरीत मी त्या पोराकडे ठेवलं काय, तर दोन सनावळ्या! राजांच्या वारशाची तुलना करायला मी कोण?

असो. त्याचा नंबर घेऊन ठेवलाय. उद्या फोन करणार आहे. चाळीस वर्षं उशीर झालाय, पण त्याचा प्रश्न बरोबर होता आणि खाली बस म्हणणारी मी चुकले, एवढं तरी त्याला सांगायचं आहे.