नाव न सांगण्याच्या अटीवर

डॉक्टरांनी माझे बटाटेवडे बंद केले, त्या दिवसापासून आमच्या घरात एक 'विश्वसनीय सूत्र' कामाला लागलं आहे. मंगळवारी कचेरीखालच्या टपरीवर मी उभ्याउभ्या दोन वडे खाल्ले. संध्याकाळी चपला काढतो न काढतो तोच सौभाग्यवतींनी विचारलं, "चटणी ओली होती की सुकी?"

"कोणी सांगितलं तुला?"

"ते नाही सांगायची. शब्द दिलाय मी."

झालं! वडे राहिले बाजूला, आणि मी आठ दिवस त्या फितुराच्या मागावर. आधी हेडक्लार्कवर संशय घेतला, कारण ते फार प्रेमानं तब्येत विचारत. मग शिपायावर घेतला, कारण तो काहीच विचारत नसे. नवव्या दिवशी लक्षात आलं, की 'मी वडे खाल्ले नाहीत' असं या सगळ्या तपासात मी एकदाही म्हटलेलं नाही.

सरकारचंही असंच असतं. फायलीतलं काही छापून आलं, की 'हे खरं का?' याआधी 'हे दिलं कोणी?' याची चौकशी बसते. मदतीला १९२३ सालचा सरकारी गुपितांचा कायदा असतोच. इंग्रज गेला, पण कुलूप ठेवून गेला. २०१९ साली राफेल विमानखरेदीचे कागद वर्तमानपत्रात आले, तेव्हा सुप्रीम कोर्टात सरकारतर्फे आधी सांगण्यात आलं, की कागद चोरीला गेले. मग खुलासा झाला, की चोरी नव्हे, फोटोकॉपी. कोर्टानं एप्रिलमध्ये तो आक्षेप फेटाळला. पुढे नोव्हेंबरात फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले, पण निदान कागद विचारात घेऊन.

आता, सूत्रं म्हणजे साधुसंत, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत वॉटरगेट गाजलं, तेव्हा वुडवर्ड या बातमीदाराला रात्री भुयारी मोटारतळावर भेटणारा गृहस्थ एफ.बी.आय.मधला बडा अधिकारी होता. भेट हवी असली, की वुडवर्ड बाल्कनीतली लाल निशाणाची कुंडी मागे सरकवी. (आमच्याकडे कुंडी सरकवली, तर खालच्या मजल्यावरून पाणी गळतंय म्हणून भांडण येतं.) १९७४ साली निक्सन गेले, पण त्या सूत्राचं नाव बाहेर यायला २००५ साल उजाडलं. तेही मार्क फेल्टनं वयाच्या ९१व्या वर्षी स्वतःच सांगितलं. त्याची डायरेक्टरची खुर्ची हुकली होती, तोच राग त्यानं काढला, असं पुष्कळजण म्हणतात. असेलही. पण हेडक्लार्कचा माझ्या वड्यांवर डोळा होता, म्हणून माझं कोलेस्टेरॉल कमी होत नाही!

अर्थात, साहेबाची बदली व्हावी म्हणून वावड्या उडवणारा, किंवा स्वतःच 'निकटवर्ती सूत्र' होऊन स्वतःची आरती ओवाळणारा मंत्री, यांना कसली आलीय पडद्याची गरज? बातमीदारानं आधी कागद तपासावा. तो खरा निघाला आणि लोकांच्या कामाचा असला, तर मात्र देणाऱ्याचं नाव जिवापाड राखावं.

जिवापाड हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. सत्येंद्र दुबे हा तरुण इंजिनिअर बिहारमध्ये महामार्गाच्या कामावर होता. तो वर्तमानपत्राकडेही गेला नाही. २००२ साली त्यानं कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत गोळी घालून त्याचा खून झाला. कोर्टात तो लुटारूंनी केलेला खून ठरला. पण इतकी गुपितं कुलपात ठेवणाऱ्या सरकारला नेमकं तेवढं एक गुपित राखता आलं नाही, हे उरतंच. अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली झाला. तो अमलात यायचा मात्र राहिलाच आहे.

परवा सौभाग्यवतींना माझी दया आली. म्हणाल्या, "एवढे झुरताय, तर सांगू का नाव?"

मी म्हटलं, "नको." नाव कळलं, की मी त्या माणसाशी बोलणं टाकणार. आणि उद्या कचेरीत माझ्याच छातीत कळ आली, तर तुला सांगायला धावणार कोण?

टपरी मात्र मी बदलली आहे. हे अर्थात नाव न सांगण्याच्या अटीवर.