बाटलीतलं पाणी गोडं की खारं

नियमातली फट शोधणारा खेळाडू मला कित्येक वर्षं लबाड वाटायचा. आता तसं वाटत नाही. हे मत कसं बदललं ते सांगायचं तर आधी खेळ सांगावा लागेल, कारण मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरकडे ‘मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळवतो’ म्हटलं की लोकांना मोबाइलवरचा काहीतरी जुगार वाटतो.

चार-पाच जण गोल करून बसतात. एक जण डंजन मास्टर होतो आणि जग सांगतो: नदी कुठं आहे, किल्ला कसा पडलाय, आत कोण दडलंय. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी असं करतो’ म्हणतात. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा सांगतो. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तीन छोट्या पुस्तिकांत हा खेळ छापला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती. आता नियमांचा गाभा फुकट मिळतो, 2023 च्या जानेवारीत तो क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला. म्हणून तर जवळच्या जामसांवलीत मावशीच्या ओसरीवर, सुट्टीला जमलेल्या भावंडांना घेऊन मी तो खेळवू शकलो. पुस्तक इंग्रजी, पोरांची शाळा हिंदी, घर मराठी. लढाई हिंदीत व्हायची, भांडण मराठीत.

भांडण बहुतेक वेळा जादूच्या वस्तूंवरून. या खेळात अशा वस्तू शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकीचं वर्णन एखाद्या परिच्छेदाचं. एक लोखंडी दांडा आहे, इमूव्हेबल रॉड. बटण दाबलं की तो असेल तिथेच, अगदी हवेतसुद्धा, रुतून बसतो आणि आठ हजार पौंड, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त वजन पेलतो. लिहिणाऱ्याच्या मनात दार अडवणं वगैरे असावं. खेळाडूंनी काय केलं? असे दोन दांडे घेऊन आभाळात पायऱ्या केल्या. ड्रॅगनला दांडा गिळायला लावला आणि पोटात गेल्यावर बटण दाबलं. आमच्या टेबलावरच्या धाकट्या मावसबहिणीनं त्या दांड्याचं नाव मारुती ठेवलं होतं. त्याला कारण आहे. जामसांवलीचा मारुती आडवा आहे, निजलेला. आमच्याकडे अशी कथा सांगतात की मूर्ती आधी उभी होती. खाली धन असेल म्हणून कोणी ती हलवू पाहिली, तेव्हा देवच आडवा झाला आणि मग कोणाच्यानं हलला नाही. मावशीच्या कानावर ते नाव गेलं तेव्हा ‘देवाचं नाव लोखंडाले काहून?’ एवढंच तिनं विचारलं. धाकटीचं उत्तर होतं, ‘दोघंही हलत नाहीत म्हनून.’

मला हे असलं सगळं खटकायचं. माझी बाजू अगदीच पोकळ नव्हती. मी दिवस दिवस खपून गोष्ट रचायचो, आणि कोणीतरी पुस्तकातलं एक वाक्य पुढं करून ती पाच मिनिटांत संपवायचा. दुसरं असं, की एकानं नियम पाठ केले की बाकीचे नुसते बघे होतात. धाकटीला बोलायला मिळायचंच नाही. हा दुसरा आक्षेप माझा आजही कायम आहे.

मग मी उलट डाव टाकायचो. या खेळात ‘विश’ नावाचं सगळ्यांत मोठं जादूचं सामर्थ्य आहे: काहीही मागा. पण मागणं जितकं मोठं, तितकं ते बिनसण्याची शक्यता मोठी, असं पुस्तकच डंजन मास्टरला सांगतं. 2014 च्या आवृत्तीत उदाहरणही दिलंय: खलनायक मेलेला असावा असं मागाल, तर तो मेलेला असेल अशा भविष्यकाळात तुम्हीच जाऊन पडाल. मला हे फार आवडायचं. रामायणाच्या उत्तरकांडात कुंभकर्ण वर मागायला तोंड उघडतो, सरस्वती त्याच्या वाणीत शिरते आणि तो वर्षानुवर्षांची झोप मागून बसतो. मी वर्षानुवर्षं तीच सरस्वती होतो. माझ्या टेबलावर कोणी काही मागितलं की मी त्याच्या शब्दात काटा शोधायचो. खेळाडू पुढं पुढं वकिली कागदासारखी मागणी लिहून आणायला लागले. तो त्यांचा दोष आहे असं मी धरून चाललो होतो.

मग बाटली आली.

डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर ही तशी साधी वस्तू. बूच काढायचं, ठरलेला शब्द उच्चारायचा, की पाणी. तीन शब्द आहेत. तिसऱ्या शब्दाला तीस गॅलनांचा, म्हणजे जवळपास 114 लिटरचा फवारा सुटतो आणि खेळातली एक फेरी, म्हणजे सहा सेकंद, टिकतो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा शब्द. एका जळत्या गोदामाच्या प्रसंगात मी ती देऊन टाकली होती आणि विसरलो होतो. पुढं कथानकात दुष्काळी गाव आलं. गावाचा झरा डोंगरातल्या ड्रॅगननं अडवलेला. तो ड्रॅगन मी मन लावून तयार केला होता: त्याची गुहा, त्याचा स्वभाव, त्याचं जुनं वैर, सगळं.

खेळणाऱ्यांतल्या माझ्या एका मावसभावाकडे संत्र्याचा बगीचा आहे. ज्याच्या आंबिया बहाराला एप्रिल-मेमध्ये पाणी कमी पडलं की फळगळ डोळ्यांदेखत होते आणि रात्री लाइन आली की ज्याला मोटर लावायला उठावं लागतं, त्याला दुष्काळी गाव म्हटल्यावर ड्रॅगन दिसत नाही.

‘डोंगरावर जाचं काहून?’ तो म्हणाला. ‘बाटली आहे ना.’

आणि त्यानं हिशेब मांडला. सहा सेकंदाला 114 लिटर, म्हणजे तासाला अडुसष्ट हजारांच्या वर. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाचं दीडशे लिटर धर. पाचशे झाडांचा बगीचा तासाभरात, फार तर सव्वा तासात ओलित. बाकीचा दिवस गावाला, गुरांना.

मी म्हणालो, पाणी खारं आहे.

‘असं कुठं लिहून आहे, दादा?’ त्यानं मोबाइल पुढं केला. ‘गोडं का खारं, हे बाटलीवाल्यानं ठरवाचं असं लिहून आहे.’

तसंच लिहिलेलं होतं. मी त्या दिवशी खेळ लवकर आटोपला.

पुढच्या बैठकीला मी मनात ठरवून बसलो होतो की बाटली फुटेल, चोरीला जाईल, काहीतरी होईल. पण त्याआधी, निव्वळ अडवायचं म्हणून, मी एक प्रश्न विचारला: तासाला सहाशे वेळा तो शब्द कोण म्हणणार?

‘गावातले लोक. पाळी-पाळीनं.’

म्हणजे शब्द साऱ्या गावाला कळणार. मग बाटली उचलून नेणाऱ्याला ती चालवता येणार.

कोणी बोलेना. मग धाकटी, जी एरवी फासा फेकण्यापुरती बोलायची, ती म्हणाली की शब्द फक्त म्हाताऱ्या बायांना सांगायचा. त्यावरून वाद पेटला. विहीर ज्याच्या मालकीची, त्या पाटलाच्या पाण्याला आता कोण विचारणार, आणि तो गप्प बसेल का? शेवटच्या टोकाच्या शेताला पाळी कधी? रात्रीची पाळी कोणी घ्यायची? बाटली घेऊन आपण पुढच्या गावाला निघालो तर या गावाचं काय, आणि नाही निघालो तर आपण इथले नवे पाटील झालो की काय? फासा त्या रात्री कोणी फारसा उचलला नाही. जेवायला बोलावून मावशी कंटाळली. माझ्या ड्रॅगनच्या जोरावर मला असली बैठक कधीच जमली नव्हती.

मत तेवढ्यानं बदललं नाही. मला हा योगायोग वाटला. पण मी जुन्या गोष्टी नव्यानं चाळायला लागलो. गायगॅक्स यांनी 1975 साली एका संमेलनासाठी ‘टूम ऑफ हॉरर्स’ नावाचं थडगं रचलं, तेच मुळी शेफारलेल्या खेळाडूंची जिरवायला. पावलोपावली मरण. त्यांच्याच टेबलावरचे रॉब कुंट्झ यांनी आपल्या पात्राच्या चाकरीतले ऑर्क नावाचे राक्षस पुढं धाडले; सापळे ऑर्कांवर उलटले आणि मालक खजिना घेऊन बाहेर. गायगॅक्स यांनी ते चालू दिलं, आणि तो प्रसंग खेळाच्या इतिहासात कौतुकानं सांगितला जातो. खेळ बनवणाऱ्यालाच ज्याचं वावडं नव्हतं, त्याचं मला का असावं?

खरा धक्का मात्र घरचाच. जामसांवलीच्या देवळात सुंदरकांडाचा पाठ सुरू असला की तो रांगेत उभ्या असलेल्याच्या कानावर पडतोच. सुरसेचा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलोय. देवांनी मारुतीची परीक्षा घ्यायला तिला समुद्रात उभं केलेलं. तिचा नियम एकच: माझ्या तोंडात शिरल्याशिवाय कोणी पुढं जायचं नाही. मारुती वाढतो, ती तोंड आणखी पसरते, तो आणखी वाढतो. वाल्मीकींच्या सांगण्यात हे शंभर योजनांपर्यंत जातं. मग तो अंगठ्याएवढा होतो, तोंडात शिरतो, बाहेर येतो आणि हात जोडतो: शिरलो की तुझ्या तोंडात! नियमाचं अक्षरही मोडलं नाही. आणि सुरसा काय करते? ‘फसवलंस’ म्हणत नाही. खऱ्या रूपात येते आणि आशीर्वाद देते.

मारुतीचे असले दाखले काढावेत तितके थोडे. औषधी ओळखता आली नाही तर अख्खा पर्वत उचलायचा, हे तर आमच्या टेबलावरच्या कोणालाही सुचेल असं उत्तर. पण माझ्या मते सगळ्यांत उत्तम जागा ब्रह्मास्त्राची. इंद्रजित अस्त्रानं मारुतीला बांधतो. राक्षस अतिउत्साहात वरून दोरखंडही आवळतात. आणि ब्रह्मास्त्राचा नियम असा की दुसरं बंधन आलं की ते सुटतं. इंद्रजिताला हे कळतं, तो हळहळतो. मारुतीलाही कळतं. पण तो सुटका झाल्याचं दाखवत नाही, कारण त्याला रावणासमोर जायचंय. वस्तूचा नियम ठाऊक असणं एक, आणि त्या घडीला तो वापरायचा की नाही हे ओळखणं दुसरं. माझ्या मावसभावाच्या ज्या करामतीला मी लबाडी म्हणत होतो ती आमच्या गावाचा देवच करत होता, आणि मी दर शनिवारी त्याला तेल-शेंदूर वाहून येत होतो.

तेव्हापासून माझं म्हणणं असं: डंजन मास्टरनं सुरसा व्हावं. अडवावं, तोंड शंभर योजनं पसरावं, आणि कोणी अंगठ्याएवढा होऊन निसटला तर खूश व्हावं. कुंभकर्णाच्या जिभेवर जाऊन बसण्याचा माझा छंद मी सोडला.

म्हणजे सगळंच चालतं असं नाही. ‘पेझंट रेलगन’ नावाची एक गाजलेली युक्ती आहे. दोन हजारांहून जास्त शेतकरी एका रांगेत उभे करायचे. नियमाप्रमाणे प्रत्येक जण आपल्या वाट्याची कृती राखून ठेवू शकतो, त्यामुळे एक भाला हातोहात साऱ्या रांगेतून एकाच फेरीत पुढं जातो: सहा सेकंदांत साडेतीन किलोमीटर. ध्वनीपेक्षा वेगवान भाला, मग त्याचा मारही तसाच भयंकर हवा! इथं मी अजूनही नाही म्हणतो. भाला पुढं सरकतो तो खेळाच्या नियमानं, आणि मार मोजायची वेळ आली की पदार्थविज्ञान आठवतं. नियमच धरायचा तर तो शेवटच्या माणसानं फेकलेला साधा भाला आहे. 2024 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये हेच उदाहरण देऊन सांगितलंय की खेळाचे नियम म्हणजे त्या जगाचं भौतिकशास्त्र नव्हे. मावसभावाच्या बाटलीत अशी हातचलाखी नव्हती. बाटली पाणी देते, पाण्यानं झाड जगतं, झाडावरून माणसं भांडतात. एकातून दुसरं सरळ निघतं. रेलगनमधून पुढं काहीच निघत नाही. त्या दोन हजार शेतकऱ्यांची नावंसुद्धा कोणी विचारत नाही.

आमचं ते दुष्काळी गाव अजून सुरू आहे. पाण्याच्या पाळ्या धाकटी लावते. पाटलानं वेगळीच चूल मांडलीय. डोंगरावर जायचं नाव कोणी काढत नाही, त्यामुळे एक तयार ड्रॅगन, गुहा, स्वभाव आणि जुन्या वैरासकट, माझ्याकडे बिनकामाचा पडून आहे. कोणाला हवा असेल तर कळवा, फुकट देईन. फक्त तुमच्या खेळाडूंना पाण्याची बाटली देऊ नका.