अनुकरणाच्या दोन रीती

दोन ठिकाणी एकाच वेळी घडलेले कथेकऱ्याला एकापाठोपाठ एकच सांगता येते. मग तो 'इकडे' म्हणतो, 'तिकडे' म्हणतो, आणि ऐकणारा ते मनात जोडून घेतो. लेसिंगने 'लाओकून'मध्ये (१७६६) काव्याला काळाशी आणि चित्राला अवकाशाशी जोडले, त्यामागे हीच अडचण आहे. हा भेद मला अनपेक्षितपणे भेटला तो निसर्गाचे सिम्युलेशन करणाऱ्या यंत्रांविषयी वाचताना.

सर्वसाधारण प्रोसेसर हा वाचक आहे. स्मृतीतून आज्ञा उचलायची, तिचा अर्थ लावायचा, ती पाळायची, पुढची उचलायची. आजच्या प्रोसेसरमध्ये असे अनेक वाचक शेजारी बसलेले असतात. तरी रीत वाचनाचीच. म्हणून त्याला पत्र, हिशेब, हवामान, काहीही चालते. एफपीजीए या चिपची गोष्ट निराळी. झायलिंक्स कंपनीने अशी चिप १९८५ मध्ये बाजारात आणली. तिच्यात लहान तर्कघटक आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचे जाळे असते. कोणता घटक कशाला जोडायचा हे चिप तयार झाल्यावर आपण ठरवतो, आणि पुन्हा बदलूही शकतो. येथे संहिता वाचली जात नाही, तिची जुळणी होते. अशा रचनेचे वर्णन करणाऱ्या भाषेत दोन विधाने एकाखाली एक लिहिली, तरी तो क्रम काळाचा असेलच असे नाही. दोन्ही एकदम लागू असू शकतात. चिन्हकाची रेषीयता हे सोस्यूरचे तत्त्व शिकवणाऱ्याने येथे क्षणभर थांबावे.

उदाहरण घ्यायचे तर स्पेनमधील सारागोसा येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या 'जेनस' संगणकाचे. स्पेन आणि इटलीतील भौतिकशास्त्रज्ञांनी तो 'स्पिन ग्लास' या विस्कळीत चुंबकीय पदार्थांच्या अभ्यासासाठी बांधला; पुढे २०२१ चे नोबेल मिळालेले जॉर्जो पारिसी त्यांपैकी एक. येथे प्रतिकृती म्हणजे एक त्रिमित जाळी: प्रत्येक बिंदूचे मूल्य वर किंवा खाली एवढेच, आणि त्याला सहा शेजारी. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे बिंदू काळे-पांढरे मानले, तर काळ्यांचा बदल केवळ पांढऱ्यांवर अवलंबून राहतो. मग बरेच काळे बिंदू एकदम बदलता येतात. जेनसची एक चिप एका ठोक्यात सुमारे हजार बिंदू हाताळी. ठोके सेकंदाला सव्वासहा कोटी, म्हणजे तेव्हाच्या प्रोसेसरांपेक्षा कितीतरी मंद. तरीही एक पायरी म्हणजे पदार्थातला एक पिकोसेकंद, या हिशेबाने तो दहा हजार कोटी पायऱ्या, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत पोहोचला. प्रयोगशाळेतल्या मोजमापांचा काळ तेथून फार दूर नाही.

मात्र याची किंमत मोजावी लागते. बिंदूचे मूल्य 'वर-खाली' न राहता दशांशात गेले की चिपवरची जागा भराभर संपते. प्रतिकृती बदलली की जुळणीही नव्याने करावी लागते. प्रोसेसरवर तोच बदल चार ओळींचा असू शकतो.

मग अधिक खरे अनुकरण कोणाचे? शंकुकाच्या चित्रतुरगन्यायाने पाहिले तर दोन्ही यंत्रांतला घोडा चित्रातलाच. नियम तेच, म्हणून अनुकृतीही तीच; एफपीजीएवर उतरवल्याने ती पदार्थ होत नाही. फरक पडतो तो किती दूरवर पाहता येते यात, आणि हा फरक क्षुल्लक नाही: स्पिन ग्लासची गती इतकी संथ की अल्पकाळ पाहिले तर तिचे वैशिष्ट्य हाती लागतच नाही.

वर्गात मी कविता ओळीओळीने शिकवतो. दुसरा मार्ग नाही. तास घड्याळावर चालतो. पण कवितेतले शब्द एकमेकांना एकाच वेळी धरून असतात, शेवटची ओळ पहिलीला बदलून टाकते, आणि हे क्रमाने समजावताना काहीतरी निसटते. क्रमाने वाचणाऱ्याला सर्व काही वाचता येते, ही त्याची श्रीमंती. मात्र एखादी कविता वर्षानुवर्षे जवळ बाळगणाऱ्या वाचकात तिची जुळणी होऊन बसते. तो वाचक इतर फारसे वाचत नसेल, पण तिच्यात तो फार दूरवर जातो. आपला अभ्यासक्रम या दोघांपैकी पहिल्यालाच घडवतो आणि परीक्षाही त्याचीच घेतो. दुसऱ्यासाठी त्यात जागा कशी करायची, हा प्रश्न आपल्यापुढे आहे.