चिखल आणि पंचनामे

ऑक्टोबर 2020 चा तो पाऊस आठवला की आजही पोटात कालवतं. बंगालच्या उपसागरातून उठलेलं कमी दाबाचं क्षेत्र काकीनाड्याजवळ किनाऱ्याला लागलं, तेलंगण ओलांडून आमच्यावर आलं. 14 तारखेला इंदापूर-बारामतीत ऊस आडवा झाला, डाळिंबाच्या बागांत पाणी तुंबलं. डाळिंबाला हे सोसत नाही; मुळं कुजतात, झाडच जातं.

मग दौरे. नेत्यांनी बांधावर यावंच. पण सत्ताधारी केंद्राकडे बोट दाखवत होते, विरोधक राज्याकडे. 23 ऑक्टोबरला 10 हजार कोटींचं पॅकेज जाहीर झालं: फळबागांना हेक्टरी 25 हजार, तेही दोन हेक्टरांपर्यंत. गेलेली बाग एवढ्यात उभी राहत नाही.

म्हणून पुन्हा शेतात पाणी तुंबू नये यासाठी मृगाआधी गावचे ओढे, मोऱ्या मोकळ्या करून घ्या. ग्रामसभेत हा विषय लावूनच धरा.